जिवंत उमेदवाराला वाहिलेली श्रद्धांजली

सल्त, मंगळवार दुपार

आदरणीय खलफ मामांना भाचा मुफलेहचा सलाम. तुमच्या दोन्ही हातांचं चुंबन घेतो (कागदावरून जेवढं जमतं तेवढं), आणि मामींना, मुलानातवंडांना, झालंच तर तुमच्या त्या शिंगं मारणाऱ्या बोकडालाही सलाम सांगावा.

तुमची तब्येत कशी आहे? हे रीत म्हणून विचारत नाही, खरोखर विचारतो आहे. छातीतली धडधड थांबली का (म्हणजे जास्तीची होती ती, मूळची चालू राहो)? डॉक्टरांनी बंद केलेली कॉफी तुम्ही खरंच बंद केलीत, की मामींची पाठ वळली की चालू असते? करकच्या किल्ल्यावरून येणारा वारा म्हाताऱ्या माणसाला चांगला नाही, गळ्याभोवती काहीतरी गुंडाळत जा. आणि या पत्राचं उत्तर लवकर द्या, तुमच्या स्वतःच्या अक्षरात द्या. नातवाकडून लिहवून घेऊ नका. का, ते ओघानं येईलच.

मी हातानं पत्र लिहून ते बसवाल्याबरोबर पाठवतो आहे, हे पाहून तुम्हाला वाटेल की मुफलेहचा फोन बिघडला. मामा, आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या माणसाचा फोन बिघडत नसतो. तो जप्त होतो. माझ्या मुलीनं, रनीमनं, तो माझ्या हातातून काढून घेतला, तिच्या आईनं साक्षीदार म्हणून मान डोलावली, आणि या घरातली न्यायव्यवस्था इतकी जलद आहे की मला अपील करायलाही वेळ मिळाला नाही.

तुम्ही जाणताच की निवृत्त झाल्यापासून मी देशाची सेवा घरबसल्या करत आलो आहे. सकाळी तेलात भिजवलेला झातरचा मसाला लावून भाकरी खायची, चहात मरमिय्याची दोन पानं टाकायची, आणि जगात रात्रभर काय काय बिघडलं ते पाहायला बसायचं. मग एकेकाला मार्गदर्शन. अमेरिकेत नवा फोन निघाला, तर त्याखाली मी लिहिणार की दिसायला बरा आहे पण खिशात जाड होईल. कुठल्यातरी दूरच्या देशात सरकार पडलं (तो देश नकाशात कुठे आहे हे मला सांगता येणार नाही, पण सरकार का पडलं ते सांगता येईल), तर तिथेही माझे चार शब्द. कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाची जागा घेईल का, अशी चर्चा चालू होती, तिथे मी लिहिलं की आमच्या एक्स्चेंजमध्ये साहेबांच्या खुर्चीत तीस वर्षं बुद्धिमत्ता नव्हतीच, त्यामुळे कुठलीही आली असती तरी आम्ही चहा पाजला असता. या एका वाक्याला इतके अंगठे मिळाले की दोन दिवस मी आरशात स्वतःकडे जरा आदरानं पाहत होतो.

बाकीच्यांचं मात्र विचारू नका. आमचा औषधवाला युद्धं कशी जिंकायची ते लिहितो, आणि त्याला स्वतःच्या दुकानातली खोकल्याची बाटली सापडत नाही. न्हावी उपग्रहांवर बोलतो. आणि आमच्या जिन्याच्या वरच्या अंगाला राहणारे निवृत्त मेजर तौफान तर कुठल्याही बातमीखाली सगळ्यात आधी पोचायचं या एकाच मोहिमेवर असतात. अभ्यास नाही, विचार नाही, नुसती घाई! मला अशा उथळ लोकांची फार चीड आहे. म्हणूनच मी नेहमी त्यांच्या आधी पोचायचा प्रयत्न करतो.

यामागे एक सामाजिक कारणही आहे, मामा. आमच्या सल्तमध्ये बातमी कोणी वाचत नाही. बातमीखालची पहिली प्रतिक्रिया वाचतात आणि त्यावरून बातमीत काय असेल ते ठरवतात. वेळ वाचतो. तेव्हा पहिली प्रतिक्रिया लिहिणारा माणूस हा एका अर्थी गावाचा चष्मा असतो. आता चष्म्यालाच मोतीबिंदू झाला तर गावानं काय करावं, हा प्रश्न त्या दिवसापर्यंत कोणाला पडला नव्हता.

तो दिवस म्हणजे मागल्या आठवड्यातला सोमवार. त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तुम्हाला थाटामाटात सांगणार होतो. आपल्या रनीमला अबू मिकदादच्या घरून मागणी येणार होती. अबू मिकदाद म्हणजे आपला फव्वाज, माझ्या बाकावर बसून माझंच गणित उतरवायचा तो. त्याचा मुलगा मिकदाद पाण्याच्या खात्यात अभियंता आहे, शांत आहे, कमी बोलतो, फेसबुकवर काही लिहीत नाही (तेव्हा मला हा दोष वाटला होता). दोन्ही घरच्या बायकांनी सगळं आतून ठरवलं होतं. शुक्रवारी त्यांच्याकडची वडीलधारी मंडळी रीतसर येणार, आम्ही कॉफी देणार, ते पेला खाली ठेवणार, मुलीचा हात मागणार, मी जरा आढेवेढे घेऊन हो म्हणणार. आढेवेढ्यांचा सराव मी न्हाणीघरात करत होतो. आणि रनीम, जी एरवी घरात भांडी आपटत फिरते, ती गाणं गुणगुणत भांडी घासत होती. मामा, पोरगी खूष होती. ते मला दिसत होतं, इतका काही मी आंधळा नाही.

त्या सोमवारी दुपारी फोनवर अबू मिकदादच्या दुमैसात घराण्याच्या पानावर त्याचा फोटो आला. वर कुराणातली आयत. मध्ये तो, काळा कोट, डोक्यावर लाल-पांढरा रुमाल, चेहरा असा की जणू आताच कोणीतरी त्याला वाईट बातमी दिली आहे. त्याखाली ठळक अक्षरात: ‘दुमैसात घराणं, देशात आणि परदेशात असलेले सर्व आप्त, जाहीर करतात की त्यांचे सुपुत्र…’ आता मला सांगा, याच्यापुढे वाचायची काय गरज? आपल्याकडे माणूस गेला की असंच लिहितात. दुर्दैवानं माणूस निवडणुकीला उभा राहिला तरी अगदी असंच लिहितात. तीच आयत, तोच कोट, तोच चेहरा. फरक असतो तो चौथ्या ओळीत, आणि चौथ्या ओळीपर्यंत जाईस्तोवर मेजर तौफान पोचले असते.

माझे डोळे भरून आले, हे खोटं नाही. एका बाकावरचा माणूस! मी लिहिलं, ‘आम्ही अल्लाहचे, आणि त्याच्याकडेच परतणारे. फव्वाज, तू फार लवकर गेलास. सल्त आज पोरकं झालं.’ आणि पाहिलं तर मी पहिला होतो. (एवढ्या दुःखातही जरा बरं वाटलं. माणसाचं मन विचित्र असतं.)

त्यानंतर माझ्या वाक्याखाली अख्खं गाव रडलं. औषधवाला रडला, न्हावी रडला, ज्यांनी त्याला जन्मात सलाम केला नव्हता ते ओक्साबोक्शी रडले. एकानं लिहिलं की असा सज्जन आता होणे नाही. त्याच्या शेजाऱ्यानं लिहिलं, ‘कुंपणाच्या भिंतीचं जे काही होतं ते मी त्याला माफ केलं.’ मेजर तौफान दुसरे आले होते, आणि ही हार त्यांच्या जिव्हारी लागली असणार, कारण त्यांनी शब्दांऐवजी कृती केली. त्यांनी मांडववाल्याला फोन करून दुखवट्यासाठी तंबू, खुर्च्या आणि कडू कॉफीचं मोठं भांडं थेट अबू मिकदादच्या दारात पाठवून दिलं.

तुम्ही म्हणाल, त्याच्या घरातलं कोणी काही बोललं कसं नाही? घरात होतं कोण! बायका साखरपुड्याच्या खरेदीला अम्मानला गेलेल्या (काय हा योग). मिकदाद वाळवंटातल्या पंपावर, जिथे फोन लागत नाही. पान चालवणारा पुतण्या पोस्ट टाकून मृत समुद्रावर पोहायला गेलेला. आणि खुद्द मृत माणूस फोन बंद करून दुपारची झोप घेत होता.

तो उठला तेव्हा दारात तंबू उभा होता. आता निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाच्या दारात तंबू लागतोच. तोच तंबू, त्याच प्लास्टिकच्या खुर्च्या, तीच कडू कॉफी. त्याला वाटलं, मुख्यालय इतक्या लवकर लागलं, घराणं जोरात आहे! तोंड धुवून, कोट चढवून तो दारापाशी उभा राहिला. माणसं यायला लागली. खाली मान, हळू आवाज. पहिल्यानं त्याचा हात धरून म्हटलं, ‘अल्लाह तुमचं दुःख हलकं करो.’ त्याला वाटलं, मागल्या नगरपालिकेच्या निवडणुकीत पडलो त्याबद्दल बोलतायत. म्हणाला, ‘करेल, करेल. तुम्ही सगळे पाठीशी राहा.’ आलेली माणसं समजली की हा इतका धीरानं उभा आहे म्हणजे याचा कोणीतरी भाऊ गेला असणार आणि फोटो चुकून याचा लागला. आपल्याकडे दुखवट्याच्या घरी ‘नक्की कोण गेलं’ असं विचारत नाहीत. त्यामुळे कोणी विचारलं नाही. कॉफी घेतली, बसले, नगरपालिकेला शिव्या दिल्या, उठले. बराच वेळ सगळं अगदी सुरळीत चाललं होतं, मामा. मी स्वतः तिसऱ्या रांगेत बसून डोळे पुसत होतो. मी तंबूच्या मागल्या बाजूनं शिरलो होतो, आणि गर्दीत मला दार दिसत नव्हतं.

शेवटी झरकाहून आमचा शाळासोबती अदवान आला. तो रडत रडत रांगेतल्या प्रत्येकाच्या गालांचं चुंबन घेत पुढे सरकत होता. अबू मिकदादचंही घेतलं. दोन माणसं पुढे गेला. मग थांबला. मग मागे आला. आणि तो जे ओरडला ते किल्ल्यावर तुम्हालाही ऐकू आलं असेल. ‘अरे, हा तर उभा आहे!’

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. कोणीतरी फोन पुढे केला आणि अबू मिकदादनं सगळ्यांसमोर स्वतःवरचे शोकसंदेश खालपासून वरपर्यंत वाचले. स्तुतीपर्यंत तो ठीक होता, थोडा सुखावलाही होता. भिंतीच्या माफीला पोचला तेव्हा चेहरा लाल झाला. ‘माफ केलं? भिंत माझी! हा कोण मला माफ करणारा?’ मग सगळ्यात वर गेला, आणि पहिलं नाव वाचलं. सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. आणि तासाभरात तो जिवंत असल्याची खात्री पटताच गावानं आपापली स्तुती पुसून टाकली, एकानंही राहू दिली नाही. तो मेला असता तर बिनविरोध निवडून आला असता, असं माझं प्रामाणिक मत आहे. ते मी त्याला तिथेच सांगितलं. सांगायला नको होतं.

त्याच संध्याकाळी त्याचा निरोप आला. ‘मुफलेहला सांगा, शुक्रवारी आम्ही येत नाही. घरात मयत झालं आहे. माझ्या दुखवट्याचे चाळीस दिवस होऊ देत, मग बघू.’

हा निरोप रनीमच्या आईनं, उम्म सनदनं, ऐकला आणि स्वयंपाकघरात जाऊन मकलूबाच्या भाताचं अख्खं भांडं परातीत उलटं केलं, आणि ते उचलायचं विसरून तशीच उभी राहिली. रनीमचं गुणगुणणं बंद झालं. मामा, भांडी आपटली असती तरी मला चाललं असतं.

तेव्हा मी ठरवलं की आपणच जाऊन माफी मागावी. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. जिना उतरतो तोच रनीमचा लांबलचक मेसेज आला. पहिली ओळ होती, ‘बाबा, माझा तुमच्यावर राग नाही.’ माझा ऊर इतका भरून आला की मी लगेच तिला अंगठा आणि गुलाबाचं फूल पाठवलं, आणि फोन खिशात टाकला.

अबू मिकदादनं दार उघडलं, बसवलं, आणि कडू कॉफी ओतून पेला माझ्या हातात दिला. मी घाबरलो होतो. घशाला कोरड पडली होती. मी प्यालो. त्यानं परत ओतली. पेला हलवून ‘पुरे’ म्हणायचं असतं हेही मला सुचलं नाही, तर परत प्यालो. तिसऱ्यांदा ओतली, तीही प्यालो. मग मी खाकरून म्हटलं, ‘फव्वाज, मी एक मागणं घेऊन आलोय.’

तो म्हणाला, ‘कॉफी कशी होती?’

‘उत्तम.’

‘मग झालं तर. आलास, प्यालास, तृप्त झालास. आता कसलं मागणं?’

जगात सगळ्यांना ठाऊक आहे की मागणं असेल तर पेला न पिता खाली ठेवायचा, आणि यजमान ‘तुझं काम झालं, पी’ म्हणेपर्यंत त्याला शिवायचं नाही. यजमानाच्या घरात न प्यालेली कॉफी म्हणजे त्याच्या अब्रूवर बसलेला पाहुणा. ती ताकद मी तीनदा घोटली.

घरी आलो. उम्म सनद म्हणाली, ‘अहो, शेंबड्या पोरालाही कळतं हो हे!’ रनीमनं फक्त विचारलं, ‘बाबा, तुम्ही प्यालात?’ मग म्हणाली, ‘माझा मेसेज वाचलात?’ मी म्हटलं, वाचला की, फूलही पाठवलं. ती म्हणाली, ‘दुसरी ओळ काय होती?’

तिनं माझ्या खिशातून फोन काढला, मेसेज उघडला आणि मला वाचून दाखवला. दुसरी ओळ होती, ‘फक्त एक करा, कॉफी पिऊ नका.’ पुढच्या सगळ्या ओळीही कॉफीबद्दलच होत्या. पेला कुठे ठेवायचा, मान किती खाली, तो काय म्हणाला तर काय म्हणायचं. माझ्या पोरीला आपला बाप पुरता माहीत होता, म्हणून तिनं सगळं लिहून दिलं होतं. तिनं दूरच्या देशांवर काही लिहिलं असतं तर मी नक्की वाचलं असतं. ती म्हणाली, ‘बाबा, जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तुमचं मत असतं. मला तुमचं मत नको होतं. पाच मिनिटं हवी होती.’ आणि फोन घेऊन गेली. मला रडू आलं, मामा. या खेपेला दुःख खरं होतं आणि सगळं वाचूनही झालं होतं.

असो. तर असं सगळं आहे. तुम्हाला उगाच काळजीत टाकायचा हेतू नाही, काही कामही नव्हतं, सहज मन मोकळं केलं. प्रतिक्रिया देणं मी कायमचं सोडलं आहे. जगानं आपलं आपण पाहावं. मामींना पुन्हा सलाम.

तुमच्या आशीर्वादाचा भुकेला,
मुफलेह

ता. क. काम नव्हतं असं वर लिहिलं, ते अगदीच खरं नाही. या शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर अबू मिकदादकडे समेटाला माणसं न्यायची आहेत, आणि पुढारी म्हणून तुमच्याशिवाय कोणाचं नाव सुचत नाही. अख्ख्या देशात फक्त तुमचाच शब्द त्यानं कधी मोडलेला नाही. शिवाय तुम्हाला कॉफी बंद आहे! तुमच्यापुढचा पेला संध्याकाळपर्यंत तसाच राहील, दुसऱ्या दिवशीपर्यंत राहील, अबू मिकदाद घामाघूम होईल. शेवटी तो हो म्हणाला की एक घोट मात्र घ्यावा लागेल. तो मामींना कळणार नाही, याची जबाबदारी माझी. मी तुमच्या मागे बसेन आणि तोंड उघडणार नाही, ना बोलायला ना प्यायला.

ता. क. २. नगरपालिकेच्या पानावर निवडणूक यंत्रांबद्दल काल उम्म सनदच्या नावानं काही सडेतोड विचार दिसले तर तिकडे लक्ष देऊ नका. ती मकलूबाचं भांडं उलटं करत होती आणि तिचा फोन टेबलावर पडलेला होता. पण या वेळी मी सगळ्या ओळी वाचल्या होत्या, आणि तरी मेजरसाहेबांच्या आधी पोचलो.

ता. क. ३. हे शेवटचं, आणि सुरुवातीला तब्येत का विचारली ते इथे आलं. सकाळी रनीमच्या हातातल्या माझ्याच फोनवर मला ओझरता तुमचा फोटो दिसला. वर आयत. मध्ये तुम्ही, सोनेरी काठाचा काळा अंगरखा, चेहरा गंभीर. खाली ‘आमचं घराणं जाहीर करतं की आमचे सुपुत्र हाजी खलफ…’ आणि त्यापुढे तिचा अंगठा होता. मी विचारलं, पुढे काय आहे? म्हणाली, ‘बाबा, पत्र पाठवा. मामांचं उत्तर आलं की ते पूर्ण वाचा, म्हणजे कळेल.’ हे बोलताना ती हसली. त्या सोमवारनंतर पहिल्यांदा हसली, मामा. त्यावरून मला बरंच काही वाटलं, पण अर्ध्यावरून काही ठरवायचं नाही असं मी ठरवलं आहे. तुम्ही शुक्रवारी या. उमेदवार असाल तर मिरवत आणतो. नुसते जिवंत असलात तरी पुरे.